वाघझऱ्याचा तुकडा

१

वाचनालयाच्या माळ्यावरून नकाशा खाली काढला तेव्हा त्याच्या पोटात भगदाड होतं, आणि ते भगदाड कुणी पाडलं हे कर्जतात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गोपाळकृष्ण मास्तरांनी. ज्यांनी तो नकाशा स्वतःच्या हातांनी काढला होता, त्यांनीच.

गोष्ट बेचाळीसच्या चळवळीतली. काही पोरं डोंगरात वाघझऱ्यापाशी लपून होती. सरकारी नकाशात हा झरा नव्हता. मास्तरांनी मात्र सुट्ट्यांमध्ये डोंगर पालथे घालून सगळ्या तालुक्याचा भिंतभर नकाशा काढला होता, त्यात झराही होता आणि त्याच्याकडे जाणाऱ्या वाटाही. पौषातल्या एका पहाटे पोलीस त्या वाटांनी अचूक वर गेले. लडकू नावाचा पोरगा गोळी लागून पडला, बाकीचे पकडले गेले. त्याच सकाळी वाचनालय उघडलं, तर भिंतीवरचा नकाशा फाटलेला आणि त्यातला नेमका वाघझऱ्याचा तुकडा नाहीसा. आदल्या संध्याकाळी मास्तरांना चौकीतून बाहेर पडताना चार माणसांनी पाहिलं होतं. मग काय विचारता. मास्तर त्यानंतर महिनाभरही जगले नाहीत, आणि त्यांच्या तिरडीला खांदेकरी मिळवताना पंचाईत झाली.

आता स्वराज्य आलं होतं. लडकूच्या स्मृतिदिनी वाचनालयात सभा भरवायची आणि तालुक्याचा तो नकाशा सांधून पुन्हा भिंतीवर लावायचा, असं मंडळानं ठरवलं. नकाशा बांधून भिसेगावला मालतीबाईंच्या घरी आला. मालतीबाईंचे वडील पुण्याला नकाशांच्या कचेरीत होते. कागदाला मागून कापड कसं चढवायचं, फाटलेलं कसं जोडायचं, हे त्या लहानपणीच शिकल्या होत्या. वाचनालयाची पुस्तकं आणि नकाशे त्याच दुरुस्त करत. त्यांचे यजमान शरच्चंद्र वकील तर वाचनालयाचे चिटणीसच.

त्याच दुपारी मास्तरांची मुलगी आली. चारुलता मुलींच्या शाळेत शिकवायची. बाप गेल्यापासून ती गावात मान खाली घालून चालत असे, आणि कुणाच्या घरी सहसा जात नसे. तिनं पदराखालून जुन्या वर्तमानपत्राची घडी काढली.

"काकू, हा परत आला."

घडीत वाघझऱ्याचा तुकडा होता. पिवळा पडलेला, पण मास्तरांचं बारीक, वळणदार अक्षर जसंच्या तसं.

"कुणी दिला?"

"कळंबच्या सहदेव हवालदारांनी. चौकीतलं जुनं सामान जाळत होते, त्यातून त्यांनी काढून ठेवला. वडिलांचं अक्षर आहे, घरी असू दे म्हणाले." चारुलतानं तुकडा पुढे सरकवला. "तुम्ही जोडणारच आहात. जोडताना नीट बघा. माझ्या वडिलांनी तो फाडला असेल तर तसं मला सांगा. खोटी समजूत मला नको."

"त्यांनी स्वतः काही सांगितलं नाही?"

"तापाच्या भरात एकच बोलायचे. ‘ती रेघ माझी नव्हे.’ शेवटपर्यंत तेच. आम्हाला अर्थ लागला नाही."

ती गेल्यावर मालतीबाईंनी तुकडा पाटावर ठेवला, कडा तपासल्या आणि सहज पालथा केला.

तुकड्याच्या मागे कापड नव्हतं.

२

मास्तरांनी जाड कागदावर नकाशा काढून मागे मांजरपाट चिकटवला होता. भिंतीवरचा असा नकाशा कुणी हिसकून फाडला, तर कागदासोबत कापडही फाटून हातात येणार. भगदाडात तर कापडही नव्हतं. त्याचे धागे ओरबाडल्यासारखे लोंबत होते. मग तुकड्याच्या पाठीला कापडाचा एक धागाही का नसावा?

मालतीबाईंना उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. तुकड्याच्या कडा फाटलेल्या नव्हत्याच. त्या मऊ, केसाळ होत्या, ओल्या कुंचल्याची रेघ ओढून कागद सुटा केला की होतात तशा. कुणीतरी नकाशा सपाट अंथरून, ओल्या फडक्यानं खळ भिजवून, कागद कापडावरून अलगद सोडवला होता. हे काम दिवसभराचं. चौकीतून घाईघाईनं आलेल्या माणसाला कंदिलाच्या उजेडात, भिंतीवर टांगलेल्या नकाशावर ते जमणं शक्य नव्हतं.

म्हणजे तुकडा त्या संध्याकाळच्या आधीच गेला होता. पण मग इतके दिवस भिंतीवरचं भोक कुणाच्या नजरेस कसं पडलं नाही?

त्यांनी भगदाडाची कड पुन्हा न्याहाळली. इतर सगळ्या नकाशाची कसरीनं चाळण केली होती, एवढी कड मात्र धडधाकट होती. आणि तिथं एका कोपऱ्यात मास्तरांच्या कागदाहून पातळ अशी, नखाएवढी चिंधी चिकटून राहिली होती. तिच्यावर शाईची एक रेघ होती. मास्तरांची रेघ सुरेख, एकसारख्या जाडीची. ही रेघ थरथरलेली होती.

ती रेघ माझी नव्हे.

भगदाड आधी झाकलेलं होतं तर. खरा तुकडा काढून त्या जागी नक्कल करून ठिगळ लावलं होतं, आणि नंतर ते ठिगळ कापडासकट ओरबाडलं होतं.

संध्याकाळी शरच्चंद्र कोर्टातून आले. टोपी खुंटीला लावत त्यांनी पाटाकडे पाहिलं. तुकडा दिसताच ते जवळ आले.

"हा कुठून आला?"

"चारू घेऊन आली. अहो, हा मास्तरांनी फाडलेला नाही."

ते तुकड्यावर वाकले. मग थकलेल्या आवाजात म्हणाले, "अगं, मेलेल्या माणसाचा पंचनामा कशाला मांडतेस? जोड आणि मोकळी हो. पुन्हा राळ उठली तर त्या पोरीलाच त्रास."

त्यांचं म्हणणं शहाणपणाचं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळीच मालतीबाई कळंबच्या मोटारीत बसल्या.

३

सहदेव हवालदार खळ्यावर भात वाळवत बसला होता. नोकरी सुटल्यापासून त्यानं दाढी वाढवली होती. मालतीबाईंना पाहून तो उठला, घोंगडी झटकून पुढे केली.

"तुकड्याचं विचाराया आलाव ना बाईसाहेब? मला वाटलंच."

"तो मास्तरांनी चौकीत आणून दिला?"

"नाय. मास्तर आले तवा तुकडा फौजदारसायबाच्या टेबलावरच व्हता. दत्तजयंतीपासनं व्हता. आमी रोज बघत व्हतो."

"मग मास्तरांना कशाला बोलावलं?"

"त्यावर दोन वाटा हायेत. खरी कंची, ते सायबाला उमजंना. मास्तर सांगतील म्हून, ते तापातनं उठताच बोलावलं." सहदेवनं भातातला खडा उचलून दूर फेकला. "मास्तरांनी तुकडा बघितला आन त्यांचं तोंड पांढरं फटक पडलं. सांगीन म्हनाले नायत. सायबानं मुस्काटात मारली, तरी नाय. मग सोडून दिलं. दोन्ही वाटांनी मानसं धाडली सायबानं. मी बी त्यात व्हतो."

"हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कुनाला सांगू? अंगावर खाकी व्हती. पोराला गोळी घातलेल्यांतला मी. माझा शब्द कोन धरनार?"

मालतीबाईंनी मन घट्ट करून विचारलं, "तुकडा आणला कुणी?"

"ते मी बघितलं नाय. सायबानं मागल्या दारानं घेतला. येवढं ठावं हाय, आननारा लिवनारा-वाचनारा व्हता. सायब त्याच्याशी इंग्रजीत बोलत व्हता."

परतीच्या मोटारीत मालतीबाई एकेकाला पडताळून पाहत होत्या. वाचनालयाच्या किल्ल्या तिघांकडे: मास्तर, नामा शिपाई आणि शरच्चंद्र. नामाला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. मास्तर टेबलावरचा तुकडा बघून पांढरे पडले होते. पण नकाशा दत्तजयंतीच्या आधी वाचनालयातून बाहेर गेला असेल, तर किल्ल्यांचा प्रश्नच उरत नव्हता. तो कुणाच्या घरी गेला होता?

ते नामालाच विचारायला हवं होतं.

४

नामा वाचनालयाच्या ओट्यावर कंदिलांच्या काचा पुसत होता. पौषातलं ऊन लवकर उतरतं. उल्हास नदीकडून गारठा वर येऊ लागला होता.

"नामा, मास्तर चौकीतून निघाल्यावर कुठं गेले रे?"

नामानं काच खाली ठेवली. "वहिनीसाहेब, ते आता कशाला?"

"कुठं गेले?"

"हितंच आले. मीच दार उघडलं. कंदील मागितला आन नकाशाम्होरं उभे राह्यले. लय येळ. मंग म्हनाले, नामा, ही रेघ माझी नाय रं. मला कायबी कळलं नाय. म्हयनाभर तापानं पडलेला मानूस, म्हटलं डोकं फिरलं."

"म्हणजे त्याआधी त्यांनी नकाशा पाहिलाच नव्हता?"

"कसा बघनार? दत्तजयंतीला वाचनालयाचा वर्धापनदिन झाला, त्याला बी आले नायत, अंथरुनात व्हते."

"मग पुढे?"

"मंग साहेब आले. तुमचे साहेब. मला म्हनाले, तू जा घरी. मी गेलो. सकाळी येऊन बघतो तर नकाशा फाटलेला." नामा खालच्या मानेनं बोलत होता. "मी साहेबांना म्हटलं, मास्तर आसं आसं बोलले, सांगू का लोकान्ला? साहेब म्हनाले, नको, त्यात त्यांचीच अब्रू जाईल. म्हून गप राह्यलो."

पुढचा प्रश्न त्यांना विचारायचा नव्हता. तरी तो तोंडून निघालाच.

"वर्धापनदिनाआधी भिंतींना चुना दिला होता. तेव्हा नकाशा कुठं ठेवला होता?"

नामानं नवलानं त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमच्याच घरी की वहिनीसाहेब. साहेब सोता घेऊन गेले. तुमी तवा पुन्याला व्हता ना, वडील आजारी व्हते तुमचे."

५

घरी आल्यावर त्यांनी दिवा लावला, वाटीत कोमट पाणी घेतलं आणि भगदाडाच्या कडेवर ओला बोळा फिरवला. सुकलेली खळ हळूहळू सुटली. त्यांनी ती पांढऱ्या बशीत निपटली.

बशीतलं पाणी निळसर झालं.

खळीत चिमूटभर मोरचूद घालायची रीत त्यांच्या वडिलांची. कसर लागत नाही म्हणून. गावात बाकी कुणी तसं करत नसे. पुण्याला निघताना मालतीबाई मोरचूद घातलेल्या खळीचा वाडगा झाकून ठेवून गेल्या होत्या. परतल्यावर तो रिकामा दिसला, तेव्हा मोलकरणीनं सांडला असेल म्हणून त्यांनी विचारलंही नव्हतं. आणि कागद सोडवताना नकाशाचं दुसरं टोक धरून बसायला त्यांना एकच माणूस मदत करत असे. लग्न झाल्यापासून.

शरच्चंद्र आत आले, बशी पाहिली आणि समोर येऊन बसले.

"मुकुंदासाठी?" मालतीबाईंनी विचारलं.

त्यांचा मुकुंद त्या वेळी मुंबईच्या कॉलेजात होता. पत्रकं वाटताना पकडला गेला, आणि ऐन संक्रांतीला निर्दोष सुटून घरी आला. मालतीबाईंनी कपालेश्वराला अभिषेक केला होता.

"मी त्याला कोठडीत बघून आलो होतो," शरच्चंद्र म्हणाले. "ओळखू येत नव्हता. रक्त ओकत होता. इथल्या फौजदाराला ठाऊक होतं की पोरांना शिधा धाडणाऱ्यांत मी आहे. झऱ्याचं नाव मला माहीत होतं, नक्की वाट नव्हती. म्हणाला, जागा दाखवा, मुलगा घेऊन जा. नुसतं पकडू, म्हणाला. गोळीचं कुणी बोललं नव्हतं."

"मग कागदावर दोन रेघा मारून द्यायच्या होत्या. मास्तरांचा नकाशा का?"

शरच्चंद्रांनी बशी दूर सारली.

"माझं अक्षर त्यांच्या हाती जाऊ नये म्हणून."

मालतीबाईंना वाटलं, बाकी सगळं एक वेळ पोटात घालता येईल. हे येणार नाही.

"त्या संध्याकाळी मास्तर काय बोलले तुम्हाला?"

"काही नाही. ठिगळ त्यांनी ओळखलं होतं. कंदील माझ्या हातात दिला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डोंगराकडे चालू लागले. अंगात ताप होता. मी मनात म्हटलं, पोचू देत. देवाशपथ म्हणतो, मालती, पोचू देत म्हटलं."

"आणि नकाशा फाडलात."

"ठिगळावर माझ्या हातची रेघ होती."

मास्तर पोचले नव्हते. अर्ध्या वाटेवर असतानाच वर बार झाले. उजाडल्यावर ते धुळीनं माखून परत आले, तेव्हा लोकांना वाटलं, पोलिसांना वाट दाखवून आले.

"सभेत तुम्ही सांगा," मालतीबाई म्हणाल्या.

"सांगतो," ते म्हणाले.

६

सभेला वाचनालय भरलं होतं. नकाशा भिंतीवर लावलेला होता, वर पांढरा पडदा. पुढच्या बाकावर चारुलता, कारण मालतीबाईंनी तिला हाताला धरून तिथं बसवलं होतं. मागे दाराजवळ लडकूची आई बायजा उकिडवी बसली होती. पोराच्या नावाची सभा म्हणून तिला गाडी पाठवून आणलं होतं.

शरच्चंद्र बोलायला उभे राहिले. आवाज चांगला होता त्यांचा. त्यांनी लडकूचं नाव घेतलं, मास्तरांचं घेतलं. म्हणाले, "आपण मास्तरांवर अन्याय केला. तुकडा त्यांनी दिला नव्हता, याचा पुरावा आता मिळाला आहे. कुणा अज्ञात देशद्रोह्यानं तो पोलिसांना पोचवला. तो कोण, हे कालाच्या उदरात गडप झालं आहे. मास्तरांच्या स्मृतीला मी गावातर्फे वंदन करतो."

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळी वाजवली. शरच्चंद्रांनी पडद्याच्या दोरीला हात घातला.

मालतीबाई बायकांमधून उठल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "ते गडप झालेलं नाही."

मालतीबाई पुढे गेल्या आणि पडदा त्यांनीच बाजूला केला. वाघझऱ्याची जागा रिकामी होती; तुकडा त्यांनी जोडला नव्हता. तो त्यांच्या हातात होता. त्यांनी तो उलटा करून दाखवला. मागे कापड का नाही, ते सांगितलं. ठिगळाची चिंधी दाखवली, तिच्यावरची थरथरलेली रेघ दाखवली. मास्तर तापात काय म्हणत होते ते सांगितलं, तेव्हा चारुलतानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. नामाला विचारलं, त्यानं उभं राहून जे पाहिलं ते सांगितलं. शेवटी त्या खळीवर आल्या. मोरचूद घातलेली खळ या गावात एकाच घरी होते, म्हणाल्या, आणि ते घर माझं. चुना देताना नकाशा तिथंच होता. मी पुण्याला होते.

"माझा मुलगा कोठडीत होता. तो सुटून आला. त्याच्या बदल्यात काय गेलं, हे मला ठाऊक नव्हतं. परवा कळलं."

शरच्चंद्रांनी नाकारलं असतं तर काहींनी त्यांच्यावरच विश्वास ठेवला असता. पण त्यांनी नाकारलं नाही. डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि गर्दीतून वाट काढत बाहेर पडले. लोकांनी अंग चोरून वाट दिली. कुणाचा धक्का त्यांना लागला नाही.

चारुलता नकाशापाशी आली. मालतीबाईंच्या हातातून तुकडा घेतला आणि रिकाम्या जागेवर तळव्यानं दाबून धरला. तिच्या तोंडून धन्यवादाचा शब्द निघाला नाही, आणि मालतीबाईंना तो नकोच होता.

"काकू, जोडून द्या," एवढंच ती म्हणाली. "उद्या दिलात तरी चालेल."

माणसं पांगली. मालतीबाई बाहेर आल्या तेव्हा बायजा ओट्यावर गाडीची वाट बघत बसली होती. त्या तिच्यापासून हातभर अंतरावर बसल्या. काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं, त्यातलं आता काही आठवेना.

बायजानंच विचारलं, "तुमचा पोर कुठं हाय आता?"

"मुंबईला. नोकरीला लागलाय."

"लगीन झाला?"

"वैशाखात आहे."

बायजा रस्त्याकडे बघत राहिली. "लडकूच्याच वयाचा आसंल."

"वर्षानं मोठा."

"त्याला म्हाईत हाय?"

"नाही."

गाडी आली. बायजा गुडघ्यावर हात टेकून उठली, लुगड्याचा ओचा सारखा केला. चाकावर पाय ठेवता ठेवता मागे वळली.

"मंग त्याला लडकूचा नाव सांगा, वैनी. दुसरं मला कायबी नको. नाव म्हाईत आसू दे त्याला."

बैलांनी पाऊल उचललं. गाडी वळणाआड गेली तरी मालतीबाई तिथंच बसून होत्या. मुकुंद रविवारी घरी यायचा होता.